ठेवायचा की काढायचा?

गेल्या जूनमधली गोष्ट. अम्मीला घेऊन मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. उजवीकडची खालची दाढ दुखत होती आणि चार रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. लवंगेचे तेल, मीठ-पाण्याच्या गुळण्या, मिश्री, घरात होते ते सगळे उपाय झाले होते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडात धरून पाहिला आणि मला विचारले, "दात ठेवायचा की काढायचा?"

मी आधी खर्च विचारला. काढायला ६०० रुपये. ठेवायचा तर रूट कॅनलचे ५,००० आणि वर कॅप बसवायचे ४,०००, म्हणजे एकूण ९,०००. मी काही बोलण्याच्या आत अम्मी खुर्चीतूनच म्हणाली, "निकाल डालो डाक्टर. इस उमर में मेरे कू दांत रखके क्या करना है?"

डॉक्टरांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. मी गप्प होतो. खरे सांगायचे तर मला हायसे वाटले होते. ज्याचा दात त्यानेच निर्णय दिला होता, तोही माझ्या खिशाला परवडणारा. डॉक्टर समंजस होते. त्यांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळ्यांनी ठणका थांबेल, पण आतला बिघाड तसाच राहील. ठणका थांबला की माणसे परत येत नाहीत. तुम्ही मात्र विचार करून या." त्या पाच दिवसांत मी जो विचार केला, तोच इथे मांडतो आहे. दाताएवढ्या लहान गोष्टीत नैतिक प्रश्न कसला, असे कुणाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

मी सोलापूरच्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. दाताचे चित्र फळ्यावर मी कित्येकदा काढले आहे. वर इनॅमलचे कवच, आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटिन आणि त्याच्याही आत नस व रक्तवाहिन्या असलेला मऊ गाभा. हाड मोडले तर जुळते, कातडी फाटली तर भरून येते, पण इनॅमल एकदा गेले की ते पुन्हा तयार होत नाही. कीड आतपर्यंत गेली की गाभा सडतो, सूज येते, आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ती ठणकते. रूट कॅनलमध्ये हा सडलेला गाभा काढतात, मुळांतल्या बारीक नळ्या तारेसारख्या हत्यारांनी साफ करतात आणि झाडाच्या चिकापासून होणारा गटा-पर्चा नावाचा पदार्थ त्यांत भरतात. दाढेला अशा नळ्या तीन-चार असतात, म्हणून दोन-तीन खेपा होतात. असा दात पुढे ठिसूळ होतो, म्हणून वर टोपी घालतात. मुलांना हे सगळे मी नीट समजावून सांगतो. माझ्या घरातल्या दातांचा हिशेब मात्र मी कधी मांडला नव्हता.

अम्मी आता ६१ वर्षांची आहे. ती वीस-बावीस वर्षे विड्या वळत होती. सकाळी कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, संध्याकाळी हजार विड्या नेऊन द्यायच्या. तंबाखू घरातच असल्यामुळे दात दुखला की तव्यावर भाजून त्याची मिश्री करायची आणि हिरडीला चोळायची. ठणका बधिर व्हायचा. आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बायकांची मिश्री अशी औषध म्हणून सुरू झाली आणि मग सुटली नाही. दुखणे झाकणारी वस्तूच हिरड्या खात होती, तोंडाच्या कॅन्सरला वाट करून देत होती, हे तेव्हा कोण सांगणार? मिश्रीनेही भागेनासे झाले की दात काढला जायचा. अब्बांच्या हयातीत तिचे चार दात गेले, नंतर दोन. पहिला बाजारातल्या एका दातवाल्याने काढला होता. त्या दिवशीही ती संध्याकाळी विड्या द्यायला गेली होती, एवढे मला आठवते.

आमच्या घरात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आवडीने खातात. सोलापूरकराला हे वेगळे सांगायला नको. अम्मी मात्र भाकरी सालनात बुडवून, लगदा करून खाते. तिला तशीच आवडते, असे आम्ही भावंडे समजत होतो. पाहुण्यांनाही तसेच सांगायचो. माणसाच्या नाइलाजाला आपण त्याची आवड म्हणू लागतो आणि मग तीच गोष्ट इतक्या वेळा बोलतो की ती खरी वाटू लागते.

त्या संध्याकाळी मी घरी आल्यावर बायकोला सगळे सांगितले. अम्मीच काढा म्हणते, मी काय करणार, असा माझ्या बोलण्याचा सूर होता. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "दोन वर्षांपूर्वी तुमची दाढ दुखत होती, तेव्हा ठेवायची की काढायची, असे घरात कुणी विचारले होते का?"

कुणीच विचारले नव्हते. मी एकटा दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितले, मी हो म्हणालो आणि पगारातून ७,००० रुपये भरले. घरी आल्यावर अम्मीने मऊ खिचडी करून दिली होती. त्या ७,००० रुपयांत घरातले दुसरे काय झाले असते, हा प्रश्न कुणाच्याही मनात आला नाही, माझ्याही नाही. बायको पुढे म्हणाली, "आणि माझी?" मी थबकलो. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिची एक दाढ काढली होती. ती काढायची असे कुणी ठरवले, मला आठवेना. बहुधा कुणी ठरवलेच नव्हते. ती आपली आपण गेली होती आणि काढून आली होती.

म्हणजे एकाच घरात दातांचे दोन कायदे होते. कमावत्या पुरुषाचा दात दुखला की इलाज, बाईचा दुखला की काढून टाकायचा. हा कायदा कुणी केला नव्हता. यात कुणी दुष्ट नव्हते. अब्बा तर अतिशय मायाळू माणूस. म्हणूनच मला तो अधिक गंभीर वाटतो.

आता अम्मीची बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती हलकी नाही. तिच्या भिशीचा नंबर त्याच महिन्यात लागला होता. दहा हजार रुपये हातात आले होते. माझा भाऊ रिक्षा चालवतो. त्याच्या मुलीला दहावीला चांगले गुण पडले होते आणि तिला अकरावी सायन्सला जायचे होते. फी, पुस्तके, बसचा पास या सगळ्यांसाठी अम्मीने ती रक्कम मनात बाजूला काढून ठेवली होती. म्हाताऱ्या बाईची दाढ आणि पोरीचे शिक्षण यांत निवड करायची झाली तर ती काय निवडणार? मी शिक्षक आहे, मी तरी काय सांगणार? आपल्या समाजात मुलीचे नाव शाळेतून काढणे, हे दात काढण्यासारखेच असते. त्या दिवशी काहीच खर्च येत नाही. किंमत पुढे भरावी लागते. अम्मीला हे कुठल्याही पुस्तकाशिवाय कळले होते.

शिवाय पैसे तिचे होते आणि दातही तिचा. तिच्या इच्छेचा मान राखू नये का? आपल्या दीनमध्ये ईसारला, म्हणजे स्वतःची गरज बाजूला ठेवून दुसऱ्याची भागवण्याला, फार वरचा दर्जा आहे. अम्मी तोच ईसार करत होती. मग मी मध्ये पडणारा कोण?

या प्रश्नाने मला दोन दिवस अडवून धरले. शेवटी जे उमगले ते असे. ईसार हा करणाऱ्याचा गुण आहे. तो त्याच्या मनातून उमटतो आणि म्हणून त्याला मोल आहे. पण एखाद्या घरात प्रत्येक वेळी एकाच माणसाने ईसार करायचा असेल आणि बाकीच्यांनी त्याची तारीफ करायची असेल, तर तो गुण राहत नाही. ती बाकीच्यांची सोय होते. अम्मीच्या सब्रचे आम्ही सर्वांना कौतुक सांगत होतो. तो सब्र आम्हाला किती स्वस्त पडत होता, हे सांगत नव्हतो. तिच्या इच्छेचा मान राखतो असे म्हणताना मी खरे तर माझ्या खिशाचा मान राखत होतो. जिने चाळीस वर्षे स्वतःसाठी काही मागितले नाही, तिला "तुला काय हवे?" असे एकदाच, तेही डॉक्टरांच्या खुर्चीत, दुखत असताना विचारायचे आणि उत्तर मिळाले की सुटलो म्हणायचे, याला विचारणे म्हणत नाहीत.

शरीर ही आपल्याकडे अमानत मानली जाते. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) रोज रोजा आणि रात्रभर इबादत करू लागले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना समजावले की शरीराचाही माणसावर हक्क असतो. ही हदीस आपण वाझमध्ये पुष्कळदा ऐकतो. इबादतीसाठीसुद्धा शरीराचा हक्क मारता येत नाही, तर घरखर्चासाठी कसा मारता येईल? फिकहमध्ये दियत म्हणजे शारीरिक नुकसानीच्या भरपाईचे नियम आहेत. एखाद्याने दुसऱ्याचा दात पाडला तर एका दाताचे पाच उंट, असे हदीसमध्ये आले आहे. आणि यात समोरचा दात आणि मागची दाढ सारखीच धरली आहे. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या व्यवहारात समोरच्या दाताला किंमत असते, कारण तो दिसतो. लग्नाच्या मुलीचा समोरचा दात वाचवायला माणसे कर्ज काढतात. न दिसणारी दाढ गेली तर गेली. शरीअतने मात्र दिसण्याचा हिशेब केला नाही. दुसऱ्याने पाडला तर ज्याची किंमत पाच उंट, तोच दात आपल्या घराच्या हयगयीने गेला तर त्याची किंमत शून्य कशी?

दहाव्या शतकात अंदलुसमध्ये कुर्तुबाजवळ अबुल कासिम अल-जहरावी हे मोठे शल्यवैद्य होऊन गेले. त्यांच्या 'अत-तसरीफ' या ग्रंथात दात काढण्याच्या हत्यारांची चित्रे आहेत. म्हणजे दात काढण्याची कला त्यांना चांगली अवगत होती. तरीही त्यांचा सल्ला असा आहे की दात दुखत असेल तर आधी सगळे उपाय करावेत आणि काढणे होईल तितके लांबवावे, कारण काढलेल्या दाताला तोड नाही. वेदनेमुळे रोगी फसतो, चांगलाच दात दुखतो असे त्याला वाटते आणि अडाणी न्हावी तोच काढून टाकतो, असा इशाराही त्यांनी दिला आहे. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायची पद्धत त्यांनी वर्णन केली आहे. हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस ठेवण्याच्या बाजूने होता.

पण ठेवायला खर्च येतो आणि तो कुणीतरी उचलावा लागतो. १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी भारतातले पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. अमेरिकेतून दंतवैद्यक शिकून आलेल्या या माणसाने त्यासाठीचा पैसा आपल्या सोडा-फाउंटन आणि आइस्क्रीमच्या दुकानातून उभा केला. गोड खायला घालून दातांचे कॉलेज चालवले, असे गमतीने म्हणता येईल. १९४९ मध्ये त्यांनी ते कॉलेज सरकारच्या स्वाधीन केले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आज मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत आणि तिथे इलाज खूप स्वस्तात होतो. पण सोलापूरच्या माणसाने तीन खेपांसाठी रात्रभराचा प्रवास करायचा, तर मजुरी बुडते ती वेगळीच. आणि बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचा नेहमीचा इलाज बसत नाही. जणू दात हा शरीराचा भागच नाही! म्हणून गरीब माणूस दात काढतो, तेव्हा तो अडाणी असतो असे मी म्हणणार नाही. दाढ गेली की शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, वरचा दात खाली उतरतो, तिथले हाड झिजते, आणि पुढे कृत्रिम दात बसवायचा तर वाचवण्याहून जास्त पैसे लागू शकतात. हे सगळे खरे असले, तरी उद्याची बचत करायला आज हातात पैसे लागतात. ज्याच्याकडे आज फक्त ६०० आहेत, त्याला ९,००० चा शहाणपणा सांगणे सोपे आहे.

प्रत्येक दात वाचवावाच, असेही नाही. मूळ उभे तडकले असेल, हिरडीच्या वर काही उरलेच नसेल, हाड झिजून दात हलत असेल, तर खर्च पाण्यात जातो. अशा वेळी काढणेच शहाणपणाचे. डॉक्टर पैशांसाठी रूट कॅनल गळ्यात मारतात, अशी शंकाही लोक घेतात. मलाही ती आली. मी एक्स-रे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही दात वाचेल असेच सांगितले. म्हणजे प्रश्न दाताचा नव्हता, आमचा होता.

लहानपणी अम्मी आम्हाला हजरत उवैस करनी (रह.) यांची गोष्ट सांगायची. उहुदच्या लढाईत पैगंबरांचा (स.) दात शहीद झाला. यमनमध्ये उवैसना ते कळले. कोणता दात ते माहीत नव्हते, म्हणून त्यांनी प्रेमापोटी आपले सगळे दात पाडून घेतले. सांगताना तिचे डोळे भरून यायचे. पुढे आमच्या शाळेतल्या दीनियातच्या मौलाना साहेबांनी सांगितले की दात पाडल्याच्या या कथेला प्रमाण नाही. सही मुस्लिममध्ये उवैसांचा उल्लेख आहे, पण तो दुसऱ्याच कारणासाठी. ते आपल्या आईशी फार चांगले वागत, अशी त्यांची ओळख तिथे दिली आहे. त्या पाच दिवसांत मला हे सारखे आठवत होते. दात घालवल्याची गोष्ट कच्ची निघाली आणि आईच्या सेवेची पक्की. आम्ही मात्र कच्चीच गोष्ट अम्मीच्या वाट्याला दिली होती.

सहाव्या दिवशी आम्ही परत गेलो. या वेळी मी डॉक्टरांना विनंती केली की जे सांगायचे ते मला नको, अम्मीला सांगा. त्यांनी आरसा दिला, एक्स-रे दाखवला, काय करणार ते साध्या शब्दांत समजावले. पैशांचा विषय मी आधीच मिटवला होता. भाऊ आणि मी मिळून भरणार होतो, भिशीला हात लावायचा नव्हता. भावाने दोन हजार दिले. माझा वाटा कुठून आला, तेही कबूल करतो. मी नवीन मोबाइल घ्यायचा ठरवले होते, तो पुढे ढकलला. म्हणजे पैसे नव्हते असे नाही. ते दुसऱ्या नावाने ठेवलेले होते.

अम्मीने सगळे ऐकले. मग तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "कडक भाकर चाबने आएगी क्या इससे?"

इतक्या वर्षांत तिने स्वतःच्या तोंडाविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न मी ऐकला. डॉक्टर म्हणाले, कॅप बसल्यावर जपून खायला हरकत नाही. ती म्हणाली, "फिर रखो."

तीन खेपा झाल्या, कॅप बसली. पुतणी अकरावीला जाते आहे. अम्मी अजूनही भाकरी सालनात बुडवते, सवय मोडत नाही. पण परवा शेंगदाणे भाजताना तिने दोन दाणे तोंडात टाकले आणि उजव्या बाजूने सावकाश चावले. मी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. मिश्री मात्र पूर्ण सुटलेली नाही. त्यावरून आमचे रोज वाद होतात. गेलेले सहा दात तर परत येणार नाहीत. त्यांची दियत कुणी द्यायची, हे मला माहीत आहे.

बायकोच्या दाढेची जागा रिकामीच आहे. तिथे काय करायचे, हे मी तिला विचारले. "बघू," एवढेच ती म्हणाली. पूर्वी मी त्या 'बघू'ला उत्तर समजलो असतो. आता पुन्हा विचारणार आहे.